समीकरण सोडवायचं कसं: तागडीपासून अपूर्णांकापर्यंत

संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या ओसरीवर सातवी-आठवीची पाच-सहा मुलं वह्या घेऊन बसतात. घरी मराठी, शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाची. बेरीज-वजाबाकीत किंवा पाढ्यांत यांतलं कुणी कच्चं नाही. तरी समीकरण आलं की पेन्सिल थांबते आणि त्यात अपूर्णांक असला की वही मिटते. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की अडचण मुलांच्या डोक्यात नसते. ती असते घाईघाईत शिकवलेल्या एका वाक्यात: "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." वाक्य खोटं नाही, पण तेच पहिलं शिकवलं तर पुढचं सगळं पाठांतर होऊन बसतं. म्हणून इथे ते वाक्य थोडं उशिरा येईल.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शब्दांचाही एक गोंधळ असतो, तो आधी मिटवून टाकू. आजोबा 'छेद' म्हणतात, शाळेत त्यालाच 'हर' म्हणतात. आपला अपूर्णांक म्हणजे त्यांचा 'भिन्न', आपला लसावि म्हणजे त्यांचा 'ल.स.', आपलं चल म्हणजे त्यांचं 'चर'. बाजू बदलण्याला शाळेत 'पक्षांतरण' म्हणतात. माझ्याकडे येणारी एक मुलगी छेद आणि हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजून कितीतरी दिवस दोन्ही शोधत होती. वहीच्या शेवटच्या पानावर या जोड्या लिहून ठेवा. घरात शिकवणारा आणि शिकणारा, दोघांनाही त्यांचा उपयोग होतो.

आणखी एक. वहीत मुलं अज्ञात संख्येसाठी इंग्रजी एक्स लिहितात, मी इथे 'य' लिहिणार आहे. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. भास्कराचार्य बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढी असेल तेवढी', आणि मांडताना नुसतं 'या' लिहीत. दुसरी अज्ञात राशी आली की तिला कालक, तिसरीला नीलक, अशी रंगांची नावं. 'जेवढी असेल तेवढी' हा अर्थ मुलांना सांगून बघा, अक्षराची भीती निम्मी होते. य म्हणजे एक साधी संख्याच आहे, फक्त तिच्यावर झाकण आहे.

आधी बरोबरचं चिन्ह

पहिलीपासून मुलं ५ + ३ = असं लिहून पुढे उत्तर लिहीत आलेली असतात. त्यामुळे = म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी खूणगाठ बसते. आठवीतली मुलंही ५ + ३ = ८ + २ = १० असं सर्रास लिहितात. ५ + ३ आणि ८ + २ कधीच समान नाहीत, पण हे त्यांना खटकत नाही. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह छापलं तेव्हा दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघा मुद्दाम निवडल्या. याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं कारण त्याने दिलं होतं. चिन्हाचा अर्थ एवढाच: डावीकडे जे आहे आणि उजवीकडे जे आहे, त्यांची किंमत एक आहे.

इथे मी तागडी आणते. आता बहुतेक दुकानांत आकडे दाखवणारा काटा असतो, पण हातगाडीवर अजून तागडी दिसते, आणि माळ्यावर शोधलीत तर घरातही सापडेल. एका पारड्यात सारख्या वजनाच्या दोन पिशव्या आणि १ किलोचं माप. दुसऱ्या पारड्यात ५ किलोची मापं. तागडी सरळ उभी आहे. एका पिशवीचं वजन किती?

कुठलाही मुलगा आधी ते १ किलोचं माप उचलतो. मग मी त्याचा हात धरते आणि विचारते, आता तागडीचं काय झालं? कलली. ती सरळ करायला काय करशील? दुसऱ्या पारड्यातूनही १ किलो काढीन. उरलं काय? दोन पिशव्या आणि ४ किलो. आता दोन्हीकडे निम्मं करू. एक पिशवी, २ किलो.

हेच वहीत मांडायचं:

२य + १ = ५
२य + १ − १ = ५ − १
२य = ४
य = २

समीकरण सोडवण्याचा सगळा कायदा यात आला. एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूला करायचं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, काहीही, फक्त शून्याने गुणायचं किंवा भागायचं नाही. दुसरी ओळ अनेकांना फालतू वाटते. पहिले आठ दिवस ती लिहायलाच लावा. त्यातूनच मुलाला दिसतं की डावीकडचा +१ गेला आणि उजवीकडे −१ आला. तो उडी मारून पलीकडे गेला नाही, दोन्हीकडून १ काढला गेला. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मग म्हणा खुशाल, "पलीकडे नेलं की चिन्ह बदललं." आता ते वाक्य समजुतीचं आहे.

वजाबाकी असली तर बेरजेने भरून काढायची. ५य − ७ = १८ मध्ये दोन्हीकडे ७ मिळवले की ५य = २५, मग दोन्हीकडे ५ ने भाग, य = ५. उणं असलेलं भरून काढणं, हाच 'अल-जब्र' या अरबी शब्दाचा अर्थ आहे. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मीने तो आपल्या ग्रंथाच्या नावात वापरला आणि त्यावरून पुढे 'अल्जेब्रा' आला.

एक चूक मात्र फार दिसते. ५य = २५ इथवर येऊन मुलं य = २५ − ५ लिहितात, कारण 'पलीकडे गेलं, चिन्ह बदललं'. ५ आणि य यांच्यात गुणाकार आहे, तो फक्त भागाकारानेच सुटतो. 'पाच पिशव्यांचं वजन २५, तर एकीचं?' असं विचारलं की चूक आपोआप सापडते.

दोन्हीकडे य असेल तर

७य − ४ = ३य + २०

दोन्हीकडे पिशव्या आहेत. दोन्हीकडून ३य काढा: ४य − ४ = २०. दोन्हीकडे ४ मिळवा: ४य = २४. म्हणून य = ६.

सहगुणक म्हणजे य ला गुणणारा आकडा. लहान सहगुणकाचा य आधी काढावा, म्हणजे ऋण संख्यांशी झटापट होत नाही. आणि य उजवीकडे उरला तरी काही बिघडत नाही. १२ = ४य आणि ४य = १२ एकच. तागडीची पारडी अदलाबदल केली म्हणून वजन बदलत नाही.

आता ताळा. मूळ समीकरणात य च्या जागी ६ घाला: डावीकडे ४२ − ४ = ३८, उजवीकडे १८ + २० = ३८. जमलं. समीकरणाइतका सोयीचा ताळा गणितात दुसऱ्या कशालाच नाही. उत्तर बरोबर की चूक हे सांगायला ना मास्तर लागतात ना पुस्तकाची शेवटची पानं. ताळा मूळ ओळीतच करायचा, मधल्या ओळीत नाही, कारण चूक मधल्या ओळीच्या आधीच झालेली असू शकते.

कंस आला तर आधी तो सोडवा. ३(य − २) = य + ८ मध्ये ३ ने कंसातल्या दोघांनाही गुणायचं: ३य − ६ = य + ८, २य = १४, य = ७. कंसाबाहेर वजाचं चिन्ह असेल तर पेन्सिल सावकाश चालवा. १० − २(य − ३) = ४ इथे −२ ने −३ ला गुणलं की +६ येतो. म्हणजे १० − २य + ६ = ४, म्हणून १६ − २य = ४, २य = १२, य = ६. हा +६ दहापैकी सात मुलं −६ लिहितात, असं मला माझ्या ओसरीवर दिसतं.

अपूर्णांक: छेद घालवायचा

अपूर्णांक असलेलं समीकरण अपूर्णांक ठेवून सोडवायचा हट्ट धरू नका. पहिल्याच ओळीत छेद घालवा, मग ते साधं समीकरण होतं आणि ते तर तुम्हाला आता येतं. साधं उदाहरण घेऊ:

य/२ + ३ = ७

छेद २ आहे, म्हणून दोन्ही बाजूंना २ ने गुणायचं. इथपर्यंत सगळे येतात. पुढे वहीत दिसतं ते असं:

य + ३ = १४
य = ११

मागच्या हिवाळ्यात एका मुलाने हेच उत्तर काढलं. मी म्हटलं, ताळा कर. ११ चे निम्मे साडेपाच, त्यात ३ मिळवले की साडेआठ. सात हवे होते. तो वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, पण तीनला छेदच नाही. मग त्याला कशाला गुणायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. छेद घालवायचा म्हणून गुणतो आहोत, तर ज्याला छेद नाही त्याने का गुणून घ्यावं? मी पुन्हा तागडीवर आले. एका पारड्यात अर्धी पिशवी आणि ३ किलो, दुसऱ्यात ७ किलो. अर्धी पिशवी मोजायला अवघड, म्हणून सगळा माल दुप्पट करू. उजवीकडचे ७ चे १४ झाले. डावीकडे अर्ध्या पिशवीची पूर्ण पिशवी झाली. आणि ते ३ किलो? ते तसेच ठेवले तर डावं पारडं दुप्पट झालं का? "नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच ३ खोडून ६ लिहिला.

य + ६ = १४
य = ८

ताळा: ४ + ३ = ७. गुणाकार अख्ख्या पारड्याला होतो, म्हणजे त्या बाजूच्या प्रत्येक पदाला, छेद असो वा नसो. अपूर्णांकाच्या समीकरणांत सर्वांत जास्त गुण याच एका चुकीने जातात. म्हणून सुरुवातीला गुणण्याआधी प्रत्येक पदाभोवती पेन्सिलने हलका गोल काढा. जितके गोल तितके गुणाकार.

छेद वेगवेगळे असले की त्यांचा लसावि घ्यायचा:

य/३ + य/४ = १४

३ आणि ४ यांचा लसावि १२. प्रत्येक पदाला १२ ने गुणा. य/३ चे १२ पट म्हणजे ४य, य/४ चे १२ पट म्हणजे ३य, १४ चे १२ पट म्हणजे १६८.

४य + ३य = १६८
७य = १६८
य = २४

ताळा: ८ + ६ = १४. लसावि ऐवजी छेदांचा नुसता गुणाकार घेतला तरी उत्तर तेच येतं, फक्त आकडे मोठे होतात. मुलाला लसावि काढता येत नसेल तर त्यासाठी समीकरण अडवून ठेवू नका.

अंशात दोन पदं असली की आणखी एक सापळा असतो:

(य + १)/२ − (य − २)/३ = ३

लसावि ६. पहिल्या अपूर्णांकाला ३, दुसऱ्याला २ उरतात:

३(य + १) − २(य − २) = १८
३य + ३ − २य + ४ = १८
य + ७ = १८
य = ११

ताळा: १२/२ − ९/३ = ६ − ३ = ३. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचं काम करते, ती सगळ्या अंशाला धरून ठेवते. रेघ गेली की तिच्या जागी कंस आलाच पाहिजे. तो न लिहिता थेट गुणलं तर +४ चं −४ होतं आणि उत्तर १९ येतं. म्हणून कंसाची ओळ कधीही गाळू नका, कितीही सराव झाला तरी. माझी मुलं आता दहावीला गेली, त्यांनाही मी ती लिहायला लावते.

सहगुणकच अपूर्णांक असेल, जसं (३/४)य = १२, तर उलट्या अपूर्णांकाने गुणा. दोन्हीकडे ४/३ ने गुणलं की य = १६. दशांश चिन्ह असेल तर १० किंवा १०० ने गुणून ते घालवा: ०.५य + १.२ = ३.७ चं ५य + १२ = ३७ होतं, य = ५. इथेही गुणाकार प्रत्येक पदाला.

तिरकस गुणाकाराबद्दल माझं मत थोडं कडक आहे. (२य + १)/३ = (य + ५)/२ असं दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तर तो करावा: २(२य + १) = ३(य + ५), ४य + २ = ३य + १५, य = १३, आणि ताळा २७/३ = ९, १८/२ = ९. पण मुलं ही युक्ती शिकली की य/२ + ३ = ७/५ मध्येही तिरकस गुणू लागतात, जिथे डावीकडे नुसता अपूर्णांक नाही, शेजारी ३ उभा आहे. लसाविची रीत सगळीकडे चालते, तिरकस गुणाकार एकाच ठिकाणी. म्हणून मी तो सर्वांत शेवटी शिकवते.

य छेदात असेल तर, आणि शून्य

६/य + १ = ४ मध्ये छेद य आहे, तर य नेच गुणा: ६ + य = ४य, ३य = ६, य = २. रीत तीच. पण छेदात य आला की पहिल्या ओळीशेजारी 'छेद शून्य नाही' असं लिहून ठेवायचं, कारण शून्याने भागता येत नाही. हे बघा:

य/(य − २) = २/(य − २)

दोन्हीकडे य − २ ने गुणलं की य = २. ताळा करायला गेलं की छेद २ − २, म्हणजे शून्य. इथे आपण नकळत शून्यानेच गुणलं होतं. या समीकरणाला उत्तरच नाही, आणि 'उत्तर नाही' असं लिहिणं हेच बरोबर उत्तर.

शून्याचा विषय निघाला की मी मुलांना किल्ल्यावर पाठवते. किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटं मंदिर आहे. आपण सगळेच त्याच्यासमोरून कितीदा गेलो असू. तिथल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेचं दान नोंदवलं आहे. त्या बागेतल्या फुलांच्या रोज ५० माळा देवाला द्यायच्या होत्या. २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, लहान गोल कोरलेलं आहे. आपण वहीत जे शून्य लिहितो त्याच्या सर्वांत जुन्या दगडी खुणांपैकी एक आपल्या गावात आहे. मुलांना बोट धरून ती दाखवा.

उत्तराबद्दल थोडं. ५य = ३ आलं की मुलं घाबरून मागे वळतात, 'बरोबर भाग जात नाही' म्हणून. य = ३/५ हे चांगलं, पूर्ण उत्तर आहे. ऋण उत्तरही तसंच. २य + ३ = २य + ५ मध्ये य दोन्हीकडून जातो आणि ३ = ५ उरतं, म्हणजे उत्तर नाही. २(य + १) = २य + २ मध्ये २ = २ उरतं, म्हणजे य कोणतीही संख्या चालेल.

गोष्टीतून समीकरण

शाब्दिक उदाहरणात एकच सवय लावा. पहिली ओळ कायम 'समजा, य म्हणजे...' अशी शब्दांत लिहायची. संक्रांतीच्या सुमारास आमच्याकडे हे असतं: डब्यातल्या निम्म्या गजकाच्या वड्या मावशीकडे दिल्या, एक तृतीयांश शेजारी दिल्या, घरात ४ उरल्या. एकूण किती होत्या?

समजा, य म्हणजे डब्यातल्या एकूण वड्या. दिलेल्या आणि उरलेल्या मिळून एकूण:

य/२ + य/३ + ४ = य

लसावि ६. प्रत्येक पदाला, त्या ४ ला आणि उजवीकडच्या य लाही: ३य + २य + २४ = ६य. दोन्हीकडून ५य काढले की य = २४. ताळा: १२ मावशीकडे, ८ शेजारी, ४ घरी.

हे जमलं की मुलांना भास्कराचार्यांचं लीलावतीतलं, ११५० सालचं उदाहरण द्या. कमळांच्या राशीपैकी एक तृतीयांश शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला आणि एक चतुर्थांश देवीला वाहिली. उरलेली ६ गुरूंच्या पायाशी ठेवली. एकूण कमळं किती? भास्कराचार्यांनी ते एक संख्या मानून, इष्टकर्माने सोडवलं. आपण तागडीने सोडवू:

य/३ + य/५ + य/६ + य/४ + ६ = य

३, ५, ६, ४ यांचा लसावि ६०. पेन्सिलने गोल काढा, सहा होतील, म्हणून सहा गुणाकार:

२०य + १२य + १०य + १५य + ३६० = ६०य
५७य + ३६० = ६०य
३६० = ३य
य = १२०

ताळा: ४० शंकराला, २४ विष्णूला, २० सूर्याला, ३० देवीला, ६ गुरूंना.